चिमूटभर मिठाला कॅन्सर?

फोंड्याच्या मावशीने हा मेसेज तीन ग्रुपांवर टाकला: ‘रक्ताचा एक थेंब सोन्याच्या पाण्यात टाका. लाल पाणी निळं झालं तर कॅन्सर. दहा मिनिटांत, ९० टक्के अचूक. बायोप्सी नको. डॉक्टर हे सांगणार नाहीत.’ मग मला वेगळं विचारलं, “तू केमिस्ट्री शिकवतोस मरे, खरं का हे?”

मावशी, अर्धं खरं आहे. तीच पंचाईत.

रंग बदलतो, यात खोटं काही नाही. सोन्याचे दहा-पंधरा नॅनोमीटरचे कण पाण्यात सुटे असले की हिरवा प्रकाश शोषतात आणि पाणी कोकम सरबतासारखं लाल दिसतं. कण जवळ आले की तेच पाणी जांभळं, निळं. पण त्यांना जवळ आणायला कॅन्सर कशाला हवा? आमच्या लॅबमध्ये मी मुलांसमोर त्या लाल पाण्यात आगरवाड्याचं मीठ चिमूटभर टाकतो. बघता बघता बाटली निळी. मिठाला कॅन्सर झाला होता काय? मिठाने रंग बदलतो हे फॅरडेने १८५७ सालीच नोंदवलंय. आणि काही चाचण्यांत तर उलटं असतं: शोधायचा पदार्थ कणांना लपेटतो, मग मीठ टाकूनही पाणी लालच राहतं. म्हणजे मेसेजमधला ‘निळं म्हणजे कॅन्सर’ हा नियमच नाही.

डॉक्टर लपवतात म्हणे! कोविडच्या किटवर तू ज्या लाल रेघेची धास्ती घेतली होतीस, ती बहुतेक किटांत सोन्याच्या कणांचीच असते. गरोदरपणाच्या किटातही तेच.

आता ते ९० टक्के. डिसेंबर २०१८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे २०० नमुन्यांवर असा निकाल छापला होता. नमुने म्हणजे शुद्ध करून काढलेला डीएनए, बोट टोचून काढलेला थेंब नव्हे. अजून बरंच काम बाकी आहे, असं ते स्वतःच म्हणाले होते. मेसेजवाल्याने तेवढंच गाळलं. बरं, धरून चालू की चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे रुग्ण आणि धडधाकट दोघांच्याही बाबतीत, ९० टक्के बरोबर. १०,००० माणसांत ५० रुग्ण असले तर ४५ सापडतील, ५ सुटतील आणि ९९५ धडधाकट माणसांना कॅन्सर सांगितला जाईल. त्या ९९५ घरांत काय होईल बघ.

बायोप्सी नको, हे तर सगळ्यांत वाईट. तो रंग गाठ कुठे आहे, कसली आहे, काही सांगत नाही. कसली आहे ते गाठीचा तुकडा काढून, म्हणजे बायोप्सी करून, मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावरच कळतं.

तू का विचारतेस तेही मला ठाऊक आहे. काकांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा महिना झाला तरी गेलेला नाही, आणि तंबाखू सुटलेली नाही. त्याला सोन्याचं पाणी नको. टॉर्च मारून बघणारा डॉक्टर हवा. सोमवारी सकाळी साताला गाडी घेऊन येतो. गोमेकॉची, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजची, जुनी फाईल काढून ठेव, आणि काकांना चहा देऊनच बाहेर काढ, नाहीतर बांबोळीपर्यंत कुरकुरत बसतील.