महिना जुळतो, वर्ष जुळत नाही

तीन वर्षांपूर्वी एका रात्री, मुले झोपल्यावर, मी घरखर्चाच्या वहीची मागच्या बारा महिन्यांची पाने सलग वाचून काढली. वही मी लग्न झाल्यापासून नेमाने लिहीत आले आहे, पण लिहिलेले एका बैठकीत वाचण्याची वेळ कधी आली नव्हती. महिना संपला की जमा आणि खर्च यांची बेरीज करायची, काही उरले नाही म्हणून हळहळायचे आणि पान उलटायचे, एवढेच चालत आले होते. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आले, की बारापैकी नऊ पानांच्या तळाशी माझ्याच अक्षरात जवळजवळ एकच वाक्य आहे : ‘या महिन्यात जास्तीचा खर्च निघाला.’ एकदा शाळेची सहामाही फी होती, एकदा धाकट्याचा ताप आणि त्यामागोमागच्या तपासण्या, एकदा विम्याचा हप्ता, एकदा वॉशिंग मशीनची दुरुस्ती, आणि एकदा तर दोन्ही मुलांचे बूट एकाच आठवड्यात लहान झाले होते. प्रत्येक वेळी कारण निराळे होते, म्हणून प्रत्येक वेळी मला तो अपवाद वाटला होता.

बारातले नऊ महिने अपवाद असतील, तर ‘नेहमीचा महिना’ म्हणून आपण जो मनाशी धरून चालतो तो वर्षातून तीनदाच उगवतो. आज जे लिहायचे आहे ते एवढ्यासाठीच. ओढाताणीच्या घरात, विशेषतः मुले असलेल्या घरात, हिशेब महिन्यात चुकत नाही, तो वर्षात चुकतो. आणि बचतीबद्दल आपल्याला जे सांगितले जाते ते जवळजवळ सगळे महिन्याबद्दलचे असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून एक वेगळी यादी केली. दर महिन्याला न येणारा, पण वर्षातून एकदा, दोनदा किंवा चारदा हमखास येणारा प्रत्येक खर्च तिच्यात घातला : फी, गणवेश, वह्या-पुस्तके, चष्म्याचा बदललेला नंबर, दात, विमे, गाडीची देखभाल, नातेवाइकांकडचे प्रसंग, घरातल्या यंत्रांची दुरुस्ती. नेमके कोणते यंत्र बिघडेल हे आधी कळत नाही, पण वर्षात एखादे बिघडणार हे कळते, म्हणून त्याचीही अंदाजे रक्कम धरली. बेरीज केली आणि तिला बाराने भागले. आमचे महिन्याचे उत्पन्न १०० धरले, तर हा भागाकार १७ आला. नेहमीचा खर्च ९२ होता, त्यामुळे दरमहा ८ वाचतात अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ९२ आणि १७ मिळून १०९ होत होते, म्हणजे दरमहा ९ कमी पडत होते, आणि वर्षाकाठी ही तूट एका पूर्ण पगाराहून मोठी होत होती. आमच्या क्रेडिट कार्डावरची थकबाकी का हलत नाही, या प्रश्नावर आम्ही वर्षभर एकमेकांवर चिडलो होतो. त्याचे उत्तर एका भागाकारात होते.

मुलांच्या पालकांना मी कळकळीने एवढेच सांगेन, की बचतीची कोणतीही योजना आखण्याआधी हा भागाकार करा. आलेला आकडा बघून धक्का बसेल, पण तो धक्का एकदाच बसतो. नाहीतर तोच दर दोन महिन्यांनी हप्त्याहप्त्याने बसत राहतो. मुले वाढत असल्यामुळे ही यादी दर वर्षी नव्याने करावी लागते. आमच्या पहिल्या यादीत शाळेची सहल नव्हती आणि दुसऱ्या यादीत शिकवणी नव्हती.

आता काटकसरीविषयी. बाहेरचा चहा सोडा, लहानसहान सुखे टाळा, त्या पैशांतून मोठी रक्कम उभी राहील, हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, पण तो चुकीच्या घराच्या दारात दिला जातो. ज्या घरात खरोखर हात आखडून खर्च होतो तिथे अशी सुखे फारशी शिल्लकच नसतात. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासून दाखवले होते, की कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला मोठा हिस्सा अन्नावर जातो. अर्थशास्त्रात हे निरीक्षण आजही एंगेलचा नियम म्हणून शिकवले जाते. त्याचा घरातला अर्थ असा, की पगाराचा बराचसा भाग जिथे कात्री चालत नाही अशा ठिकाणी आधीच अडकलेला असतो आणि उरलेल्या चिमुटभर भागातून बचत काढायला आपल्याला सांगितले जाते. ती निघत नाही, मग माणूस स्वतःला बेशिस्त समजू लागतो. वाढत्या मुलांच्या ताटात हात आखडून केलेल्या बचतीला तर मी बचत मानतच नाही. ते कर्जच आहे, फक्त ते मुलांच्या अंगावर चढवलेले असते.

आमची ९ ची तूट रोजच्या चिमट्यांनी भरून निघाली नाही. दुसरी दुचाकी विकली, तिचे पेट्रोल, विमा आणि देखभाल मिळून ३ सुटले. महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या आणि कोणी वापरत नसलेल्या वर्गण्या बंद केल्या, त्यातून २ सुटले. उरलेल्या ४ साठी मी आठवड्यातून तीन संध्याकाळी कामे घेतली आणि त्या संध्याकाळी मुलांचा अभ्यास नवऱ्याने अंगावर घेतला. म्हणजे जवळजवळ निम्मी तूट उत्पन्न वाढल्यामुळे मिटली, हे प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. जिथे उत्पन्नच कमी आहे आणि ते वाढवण्याचा मार्ग बंद आहे, तिथे वही कितीही नेटकी लिहिली तरी पैसे निर्माण होत नाहीत. त्या घरातल्या आईवडिलांना शिस्तीचे धडे देणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचा प्रश्न मजुरीचा आणि पगाराचा आहे.

ज्यांचे जेमतेम जुळते, त्यांच्यासाठी मात्र पैशांना घातलेली शिस्त खरोखर उपयोगी पडते. पगार झाला त्याच दिवशी ते १७ आम्ही वेगळ्या खात्यात टाकतो. त्या खात्याचे कार्ड आम्ही घेतलेलेच नाही. महिन्याच्या शेवटी उरेल ते बाजूला टाकू, असे ठरवून आम्ही सात वर्षे काढली होती आणि त्या सात वर्षांत उरले असे कधी झाले नाही. खाते वेगळे केल्याने पैसा वाढत नाही, हे मला कळते. पण त्यावर नाव लिहिले, की हात अडखळतो. दिलीप सोमण आणि अमर चीमा या संशोधकांनी ग्रामीण भारतातल्या मजूर कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला होता, जो २०११ साली प्रसिद्ध झाला. बचतीचे पैसे पाकिटात बंद करून दिले, आणि काही पाकिटांवर त्या कुटुंबातल्या मुलांची छायाचित्रे लावली. छायाचित्र असलेल्या पाकिटांत अधिक पैसे साठले, आणि रक्कम एका पाकिटात ठेवण्यापेक्षा दोन पाकिटांत विभागली तेव्हाही बचत वाढली. हे वाचले तेव्हा मला नवल वाटले नाही. स्वतःच्या मुलाचा चेहरा असलेले पाकीट कोणती आई सहजासहजी फोडेल? आमच्या खात्यातही रक्कम एकच असली, तरी वहीत तिचे पाच भाग लिहिलेले आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे.

कर्ज आणि बचत यांतले आधी काय, यावर माझे मत हिशेबाच्या सरळ उत्तराहून थोडे वेगळे आहे. हिशेब सांगतो, की महाग कर्ज आधी फेडा, आणि हिशेब खोटा नाही. कार्डाच्या थकबाकीवर महिना ३ टक्के व्याज असेल आणि आपण थकबाकीच्या ५ टक्के एवढी किमान रक्कम भरत असू, तर भरलेल्या प्रत्येक ५ पैकी ३ व्याजात जातात आणि मूळ देणे फक्त २ ने उतरते. ७२ ला वार्षिक दराने भागले, की रक्कम किती वर्षांत दुप्पट होईल याचा अंदाज मिळतो. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३६. ७२ ला ३६ ने भागा, उत्तर २ वर्षे. असे देणे अंगावर ठेवून दुसरीकडे तुटपुंज्या व्याजाची ठेव करणे तोट्याचेच आहे. तरीही मी म्हणेन, की सगळ्यात आधी थोडी रोकड बाजूला काढा : मागच्या दोन वर्षांत अचानक आलेला जो सर्वांत मोठा खर्च होता, तेवढी. आम्ही आधी सगळे पैसे कार्डात भरत होतो आणि मूल आजारी पडले, की पुन्हा तेच कार्ड पुढे करत होतो. फेडल्याचे समाधान दोन महिने टिकत नसे. हाताशी रोकड आली तेव्हाच कर्ज एका दिशेने, खाली, उतरू लागले. कार्ड कोरे व्हायला चौदा महिने लागले. त्यानंतरचे उद्दिष्ट सर्वांना माहीत आहे, तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी, त्यावर अधिक लिहीत नाही.

७२ चा तोच भागाकार महागाईलाही लागू पडतो. एखादा खर्च वर्षाला ६ टक्क्यांनी वाढत असेल, तर तो १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे आज सहा वर्षांच्या असलेल्या मुलाच्या शिक्षणाचा आजचा आकडा तो अठरा वर्षांचा होईल तेव्हा निरुपयोगी ठरलेला असेल. तरीही मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून स्वतःच्या म्हातारपणाची बचत मोडू नये, असे माझे ठाम मत आहे. शिक्षणासाठी कर्ज मिळू शकते, शिष्यवृत्ती मिळू शकते, शिकत असताना मूल स्वतः थोडे कमवू शकते. म्हातारपणाच्या खर्चासाठी असे कर्ज कोण देणार? तो भार शेवटी त्याच मुलांवर येतो, आणि नेमका त्यांची स्वतःची मुले लहान असताना येतो.

मुलांना यातले किती सांगावे, याबद्दल आम्ही बराच काळ गोंधळलेले होतो. घरातल्या पैशांच्या चिंतेपासून त्यांना दूर ठेवावे, असे मला वाटत असे. मग एकदा सहलीच्या पैशांवरून आमची कुजबूज चालू असताना नऊ वर्षांची मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, “आई, आपले पैसे संपले का?” तिचा आवाज इतका हळू होता, की हा प्रश्न ती बरेच दिवस मनात घेऊन फिरत असणार हे मला तेव्हाच कळले. मी तिला वही दाखवली. पैसे संपलेले नाहीत, ते कशासाठी आहेत हे आधीच ठरलेले आहे, असे सांगून फीचा भाग कोणता, डॉक्टरांचा कोणता, हे एकेका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवले. सहलीची ओळ त्यात नव्हती. ती पुढच्या वर्षासाठी घालायची, असे आमचे ठरले. ती रडली, पण घाबरली नाही.

याच मुलीच्या साठवणीच्या डब्यातले पैसे त्याआधी एकदा मी अडचणीत उसने घेतले होते. पुढच्या आठवड्यात परत ठेवते म्हणाले आणि दोन महिने ठेवले नाहीत. तिने मागितले नाहीत. फक्त त्यानंतर तिच्या हाती जे काही पैसे येत ते ती त्याच दिवशी खर्च करून टाकू लागली, आणि उधळी झाली म्हणून मीच तिला रागावले. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाविषयी वाचले. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांपुढे एक गोड खाऊ ठेवला आणि थांबलास तर दोन मिळतील असे सांगितले. त्याआधी ज्या मुलांना मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळल्याचा अनुभव आला होता ती सरासरी १२ मिनिटे थांबली. ज्यांना शब्द मोडल्याचा अनुभव आला होता ती ३ मिनिटांच्या आसपास. माझी मुलगी उधळी झालेली नव्हती. ठेवलेले पैसे जागेवर राहत नाहीत, हे तिने माझ्याकडून शिकले होते.

त्या महिन्यात मी तिचे पैसे तिच्या हातात मोजून परत दिले, उशीर झाल्याबद्दल तिची माफी मागितली, आणि वहीत तिच्या देण्याची नोंद इतर देण्यांसारखीच ओळीत केली. तेव्हापासून मुलांच्या डब्याला कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही, असा नियम आहे आणि तो आम्हा दोघांवर आहे. डब्यात पुन्हा पैसे टिकू लागायला तिला जवळजवळ वर्ष लागले.

आज आमच्याकडे एक महिना आणि दहा दिवसांच्या खर्चाइतकी गंगाजळी आहे. तीन महिन्यांचा टप्पा गाठायला सध्याच्या वेगाने आणखी अडीच वर्षे लागतील, मध्ये काही मोठे आले तर अधिक. शाळा सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात या वर्षीही दोन्ही मुलांचे बूट एकदमच लहान निघाले. बूट घेऊन आल्यावर मुलीने वही मागून घेतली, नव्या यादीतली बुटांची ओळ शोधली, रक्कम वजा केली आणि उरलेला आकडा समोर लिहिला. सहलीची ओळ तिच्याच खाली आहे आणि तिच्यात आता नऊ महिन्यांचे पैसे जमले आहेत.