‘रॅम वाढवा, कार्ड टाका’ या सल्ल्याला उत्तर

सोयाबीनची पट्टी हाती आली की आमच्या परभणी जिल्ह्यातील अनेक घरांत मुलांच्या राहिलेल्या मागण्या पुन्हा पुढे येतात. यंदा त्यांच्या जोडीला व्हॉट्सॲपवरून एक मजकूर फिरत होता आणि दुरुस्तीला संगणक घेऊन येणाऱ्या पाच-सहा जणांनी तो मला दाखवला. त्याचा आशय असा : ‘संगणक दहा वर्षांचा असला तरी काळजी नको. रॅम (चालू कामाची माहिती ठेवणारी मेमरी) १६ जीबी करा, ४ जीबीचे कोणतेही ग्राफिक कार्ड (पडद्यावरचे चित्र रंगवणारे कार्ड) टाका, हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान साठवण) बसवा. कोणताही नवा स्ट्रॅटेजी (डावपेचांचा) गेम लोण्यासारखा चालेल. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) बदलायची गरज नाही, दुकानदार उगीच खर्च वाढवतात.’ यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तो लोकांना पटतो; पण जुन्या मदरबोर्डाला लागणारे भाग बहुधा सेकंडहँड घ्यावे लागतात, ते कोणी परत घेत नाही, आणि चुकलेल्या खरेदीचा भार शेवटी घरावरच पडतो. म्हणून एकेका विधानाचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

रॅमपासून सुरुवात करू. विंडोज आणि गेम मिळून रॅममध्ये मावत नसतील, तर उरलेला भाग डिस्कवर लिहिला जातो आणि खेळ मध्येच थिजतो. अशा वेळी ४ जीबीवरून ८ जीबीवर गेल्याचा फरक पहिल्याच डावात कळतो. मात्र रॅम आधीच पुरत असेल, तर ती दुप्पट केल्याने चित्र अधिक सुरळीत होत नाही. २०१६ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ६’ या स्ट्रॅटेजी गेमची किमान गरज ४ आणि शिफारस ८ जीबीची आहे, २०२१ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स ४’ची किमान ८ आणि शिफारस १६ जीबीची आहे. त्यामुळे गेम चालू असताना विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरली आहे हे पाहावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी. आणखी एक गोष्ट मजकुरात नाही, ती म्हणजे रॅमच्या पट्ट्यांची संख्या. डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमची १६०० वेगाची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती पुरवते, तर दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये बसवल्यास हाच आकडा २५.६ वर जातो. ज्यांच्याकडे वेगळे कार्ड नाही आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवरच काम चालते, त्यांना ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४-४ च्या दोन पट्ट्या निश्चितच अधिक उपयोगी पडतात.

‘४ जीबीचे कोणतेही कार्ड’ हे या मजकुरातले सर्वांत महागात पडणारे वाक्य आहे. कार्डावरची मेमरी हे धान्याचे कोठार समजावे. कोठार कितीही मोठे असले तरी त्याचे दार अरुंद असेल तर पोती बाहेर यायला वेळ लागणारच. जीटी ७३० या कार्डाच्या ६४ बिटच्या डीडीआर३ आवृत्तीत सेकंदाला सुमारे १४.४ जीबी माहिती ये-जा करते. २०१९ च्या जीटीएक्स १६५० मध्ये, तेवढ्याच ४ जीबी मेमरीसह, हा आकडा १२८ आहे. खोक्यावर दोन्हीकडे ‘४ जीबी’च लिहिलेले असते आणि गावाकडून आलेला माणूस साहजिकच स्वस्त खोके उचलतो. सेकंडहँड बाजारात तर जुन्या कार्डावर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकारही होतात. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर दुकानातच चालवून पाहिल्यास ते बहुतेक वेळा उघडकीस येतात. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड नवे असले तरी ते स्लॉटच्या चारच लेन (माहितीच्या वाटा) वापरते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डावर त्याचा वेग आणखी घटतो, हेही लक्षात ठेवावे.

आता ज्याचा या मजकुरात उल्लेखच नाही त्या प्रोसेसरकडे येतो, कारण स्ट्रॅटेजी गेमची खरी अडचण तिथेच आहे. गोळीबाराच्या गेममध्ये डोळ्यांसमोरचे दृश्य रंगवणे हे मोठे काम असते. स्ट्रॅटेजी गेममध्ये मात्र नकाशावर न दिसणारी नगरे, सैन्ये, त्यांचे मार्ग आणि संगणकाकडून खेळणाऱ्या प्रत्येक राजाचा निर्णय यांचा हिशेब सतत चालू असतो, आणि हा हिशेब प्रोसेसर करतो. ‘एज ऑफ एम्पायर्स ४’मध्ये एका खेळाडूची लोकसंख्या २०० पर्यंत जाते आणि सामन्यात आठ जण असू शकतात. म्हणूनच पहिली पंधरा मिनिटे सुरळीत जाऊन शेवटच्या लढाईत गेम अडखळतो. तेव्हा दोष कार्डाचा आहे असे गृहीत धरू नये. परीक्षा सोपी आहे : सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा सर्वांत खाली आणावा. गेम तरीही तितकाच अडखळत असेल, तर नवे कार्ड घेऊन काहीही बदलणार नाही. ‘सिव्हिलायझेशन ६’च्या मेनूतच दोन वेगळ्या चाचण्या दिलेल्या आहेत, एक ग्राफिक्सची आणि दुसरी प्रतिस्पर्ध्यांच्या टर्नला (खेळीच्या पाळीला) सरासरी किती वेळ लागतो हे मोजणारी. खर्च करण्यापूर्वी या दोन्ही चाचण्या चालवाव्यात, असे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

सेलूचा माझा भाचा मे महिन्यात त्याचा संगणक घेऊन आला तो कार्ड घ्यायचे ठरवूनच. एका कार्यालयातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबीची एकच पट्टी आणि हार्ड डिस्क, असा तो संच होता. टर्नची चाचणी लावली आणि टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ च्या आसपास रेंगाळताना दिसला. कॅबिनेट उघडले. त्यांचे घर जिनिंगच्या रस्त्यावर आहे. कापसाची तूस आणि धूळ यांचा थर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांवर घोंगडीसारखा बसला होता, आणि खालची, प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, नखाने खरवडली की भुगा पडत होता. बाहेर पारा बेचाळीसच्या वर असताना असा प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी वेग कमी करतो, आणि लोक त्याला ‘संगणक म्हातारा झाला’ असे म्हणतात. पाती ब्रशने साफ केली, नवी पेस्ट लावली, ४ जीबीची दुसरी पट्टी बसवली आणि चाचणी पुन्हा घेतली. टर्नचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला होता. मराठवाड्यात जुन्या संगणकावरचा पहिला खर्च साफसफाईचा असावा, हे मी याच अनुभवाच्या बळावर सांगतो.

त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसणारा आय७ प्रोसेसर घ्यावा काय, असेही अनेक जण विचारतात. आय५-४५७० चा कमाल वेग ३.६ आणि आय७-४७९० चा ४.० गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे एका कोअरमागे (प्रोसेसरमधल्या हिशेब करणाऱ्या एका भागामागे) वाढ सुमारे अकरा टक्क्यांची. आय७च्या आठ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) लाभ काही गेमना होतो, पण किंमत माफक असेल आणि मदरबोर्डाचा बायोस (संगणक सुरू करणारे त्यावरचे सॉफ्टवेअर) तो प्रोसेसर ओळखत असेल, तरच हा व्यवहार करावा.

एसएमपीएसबद्दलचे विधान मात्र धोकादायक आहे. वरचा ‘४५० वॉट’ हा आकडा पाहू नये. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे आणि त्याला बाराने गुणावे. तिथे १४ असेल, तर हाती १६८ वॉट आहेत. ८४ वॉटचा प्रोसेसर आणि ७५ वॉटचे कार्ड मिळून १५९ होतात. डिस्क आणि पंख्यांसाठी उरले नऊ. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होत असताना एवढ्या काठावर चालणारा स्वस्त एसएमपीएस स्वतःबरोबर मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. दुकानदार जास्तीचा खर्च सांगतो तेव्हा संशय येणे स्वाभाविक आहे, परंतु इथे तो अनेकदा बरोबर असतो. कार्यालयांतून निघालेल्या अनेक ब्रँडेड संगणकांच्या एसएमपीएसचा प्लग वेगळा असतो आणि बाजारातला सर्वसाधारण एसएमपीएस त्यांना बसत नाही, म्हणून त्यांत जादा पिन न लागणारे, स्लॉटमधूनच ७५ वॉटपर्यंत वीज घेणारे कार्ड पाहावे, आणि पातळ कॅबिनेट असेल तर कमी उंचीचे.

एसएसडीने गेम लवकर उघडतो आणि जतन केलेला डाव लवकर येतो; ती जरूर घ्यावी, पण फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रे) वाढतील या अपेक्षेने नव्हे.

राहिला ‘कोणताही नवा गेम’ हा शब्दप्रयोग. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ची किमान अट दहाव्या पिढीचा आय३ आणि जीटीएक्स १०५० अशी आहे. चौथ्या पिढीच्या संगणकासाठी या गेमच्या नावाने एकही सुटा भाग घेऊ नये. ते पैसे बाजूला ठेवून पुढे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलावेत. भाच्याला मी हेच सांगितले. ‘मामा, मग कार्डाचे पैसे?’ असे त्याने विचारले, तेव्हा ते मी त्याच्या आईच्या हाती परत दिले. तो आता ‘सिव्हिलायझेशन ६’ लहान नकाशावर, सहा राजांचा डाव मांडून खेळतो, आणि महिन्यातून एकदा कॅबिनेटचे झाकण काढून ब्रश फिरवतो.