गेमबुकात मरायला हरकत नाही, पण उगाच मारू नका

स्किल 7 घेऊन स्किल 12 वाल्या राक्षसापुढे उभं राहणं काय असतं ते फायटिंग फँटसीची पुस्तकं खेळलेल्यांनाच कळेल. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 1982 मध्ये इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन आणि इयान लिव्हिंगस्टन या दोघांनी 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' हे या मालिकेतलं गेमबुक लिहिलं. 400 तुकड्यांची गोष्ट, प्रत्येक तुकड्याला नंबर, आणि तुकड्याच्या शेवटी तुम्हालाच विचारणार, डावीकडे जाता की उजवीकडे, जायचं तिथला नंबर काढा. सुरुवातीलाच फासे टाकून आपलं स्किल (लढायचं कसब), स्टॅमिना (अंगातला जीव) आणि लक (नशीब) कागदावर लिहून ठेवायचं. लढाई आली की दोन फासे आपले, दोन राक्षसाचे, त्यात ज्याचं त्याचं स्किल मिळवायचं, ज्याची बेरीज मोठी त्याचा वार लागला, समोरच्याचा स्टॅमिना 2 ने कमी. बस, एवढंच.

आता हिशेब करून पाहा. दोघांचं स्किल सारखं असेल तर दर फेरीत आपला वार लागायची शक्यता साधारण 44 टक्के, त्याचीही तेवढीच, उरलेलं बरोबरीत जातं. 7 विरुद्ध 12 असेल तर आपली जेमतेम 5 टक्के! आणि हे 7 ठरलं कशावर, तर गोष्ट सुरू व्हायच्या आधी टाकलेल्या एका फाशावर, एक पडला तर 7 अन् सहा पडला तर 12. माझा जीव आहे या पुस्तकांवर, पण हे मला कधीच पटलं नाही. वाचणाऱ्याने अजून एक दारही उघडलेलं नाही आणि त्याचा निकाल लागून गेला.

लकचा नियम मात्र काय डोकं लावून केलाय. दोन फासे टाका, बेरीज लकएवढी किंवा कमी आली तर तुमचं नशीब चांगलं, पण निकाल काहीही लागो, लक एकने कमी होणार. लक 7 असताना 58 टक्के संधी असते, एकदा वापरलं की पुढच्या वेळी 42. म्हणजे लक आत्ता वापरायचं की शेवटच्या जादूगारासाठी राखून ठेवायचं हे आपणच ठरवायचं, आणि त्या ठरवण्यात जी धाकधूक होते ना ती मला मोठमोठ्या ग्राफिक्सच्या गेममध्येसुद्धा फार कमी वेळा मिळाली, आणि मी गेमही पोटभर खेळते, मोबाईलवर, पीसीवर, रविवारी मित्रमंडळींसोबत इथे नागपुरात धरमपेठेत बसून डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत एकत्र गोष्ट खेळायचा खेळ) पण.

माझं म्हणणं एकच आहे. गेमबुकात मरण यावं, खुशाल यावं, पण त्याआधी वाचणाऱ्याला कळायची संधी मिळालेली असावी. फायटिंग फँटसीच्याच 'डेथट्रॅप डंजन' मध्ये शेवटच्या दाराला पाचू, नीलम आणि हिरा ही तिन्ही रत्नं लागतात, एक जरी मागे राहिलं तरी तुम्ही कितीही जिगरबाज असा, संपलं. भन्नाट पुस्तक आहे, त्यातले सापळे मला तोंडपाठ आहेत, पण या बाबतीत मी लेखक जो डेव्हर याच्या 'लोन वुल्फ' या दुसऱ्या गेमबुक मालिकेच्या बाजूने आहे. तिथे सुरुवातीला आपण आपल्या विद्या निवडतो आणि तोच नायक पुढच्या पुस्तकात घेऊन जातो, त्यामुळे केलेल्या निवडीला पुढेही किंमत राहते. आणि डेव्हरने ही पुस्तकं नेटवर फुकट वाचायला देण्याची परवानगी दिली, प्रोजेक्ट एऑन या वेबसाइटवर आहेत, तिथून नक्की वाचा, कारण आमच्या नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एखादं गेमबुक हाताला लागणं हा नशिबाचाच भाग आहे, आणि लागलंच तर त्यातला आकडे लिहायचा कागद आधीच कुणीतरी पेनाने भरलेला असतो. (मला तो भरलेला कागदही आवडतो, आपल्याआधी कोण कुठे मेलं ते दिसतं.)

तर सध्या मी स्वतः एक लिहून राहिले. मराठीत. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने बारा खेडी जोडून नागपूर वसवलं असं आपण सगळे ऐकत आलोय, ती बारा खेडी मी घेतली, राक्षस अन् जादू माझी. नागनदीच्या काठाने एका खेड्यातून दुसऱ्यात जायचं. एका खेड्यात बावडी आहे, तिच्या तळाशी जे आहे ते माणसाला परत वर येऊ देत नाही. पण त्याआधी गावातली म्हातारी सांगते की दिवेलागणीनंतर इथे कोणी पाणी भरत नाही, तुमचा बैल बावडीच्या अलीकडेच अडून बसतो, आणि पायऱ्यांवरचं शेवाळ मधोमध घासलेलं दिसतं, कुणाला तरी ओढत नेल्यासारखं. एवढं पाहूनही जो दिवेलागणीनंतर उतरेल त्याला मारायचा मला हक्क आहे!

लिहिताना आधी भाषाच आडवी आली. 'तू दार उघडतोस' लिहिलं की नायक पुरुष झाला, 'उघडतेस' लिहिलं की बाई. माझी भाची पहिलं खेडं खेळताना म्हणाली, मावशी, हा मुलगा आहे का गं, मग मी कोण? सगळं 'तुम्ही' मध्ये पुन्हा लिहिलं, तुम्ही दार उघडता, तुम्ही खाली उतरता. आता भाची आत चालते, तिचा आजोबाही चालतो.

दुसरं काम तुकडे पिसायचं. लागोपाठ ठेवले तर डोळा शेजारच्या तुकड्यावर जातो आणि पुढचं कळून जातं, म्हणून प्रत्येक तुकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून जमिनीवर पसरायचा, नंबर वाटायचे, मग कुठली वाट कुठे जाते ते चार्टपेपरवर बाणांनी काढायचं. मे महिन्यात हे करायचं म्हणजे कूलर बंद करून, नाहीतर सगळी खेडी पलंगाखाली. ट्वाइन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एखादा तुकडा लोंबकळत राहिला तर त्यात लगेच दिसतो, तपासायला मी तेच वापरते. पण शेवटी छापणार कागदावरच. फोनवर मागे जायचं बटण असलं की बावडीत उतरायला कोणी घाबरत नाही.

"एवढी मेहनत आहे तर सरळ कादंबरी लिही ना" हे मला घरून, ऑफिसातून, सगळीकडून ऐकावं लागतं. काहून? कादंबरीत मी एकच वाट लिहीन. इथे वाचणारा ज्या वाटेने गेला नाही तीही मला तेवढ्याच जिवाने लिहावी लागते, कदाचित कोणी कधीच न उघडणारा तुकडासुद्धा. याला कोणी कमी दर्जाचं लिखाण म्हटलं की मला खरंच राग येतो.

पहिली तीन खेडी तयार आहेत. खेळून पाहायला माणसं हवीत, मराठी वाचणारी, कुठल्याही वयाची, गेमबुक आधी खेळलेलं नसलं तर आणखी चांगलं. दोन फासे, पेन्सिल आणि खोडरबर लागेल. मेसेज करा, प्रिंट मी देते, आणि कुठे मेलात, आणि ते मरण तुम्हाला पटलं का, तेवढं मात्र मला कळवायचं.