संपायला तो करार होता कुठे?

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतो आहे. जून २०२४ मध्ये आला होता तेव्हाही मजकूर हाच होता: ‘८ जून १९७४ ला अमेरिका आणि सौदी अरेबियात ५० वर्षांचा पेट्रोडॉलर करार झाला. सौदीने तेल फक्त डॉलरमध्ये विकायचं, बदल्यात अमेरिकेने संरक्षण द्यायचं. ९ जून २०२४ ला तो संपला, सौदीने पुढे वाढवायला नकार दिला. आता डॉलर कोसळणार, रुपयात तेल मिळणार.’ या वेळी तो सौदीतल्या दम्मामला नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाने पाठवला आणि खाली विचारलं, ‘साठवलेले सगळे रियाल लगेच घरी पाठवून टाकू का?’ घामाचा पैसा या मेसेजच्या भरवशावर हलणार असेल, तर उत्तर मुद्द्याला मुद्दा देऊनच द्यायला हवं.

आधी कराराचं बघू. ८ जून १९७४ ही तारीख खरी आहे. त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर आणि सौदीचे राजपुत्र फहद यांनी सह्या केल्या, हेही खरं. पण सह्या झाल्या त्या आर्थिक सहकार्यासाठी आणि सौदीच्या लष्करी गरजांसाठी संयुक्त आयोग नेमण्यावर. तेलाचं बिल कोणत्या चलनात करायचं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ५० वर्षांची मुदतही नाही. जे कलमच नाही, ते संपणार कसं?

मग डॉलर आणि तेलाची गाठ पडली कशी? ही खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा कितीतरी शिकवणारी आहे. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध चालू असतानाच अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपासून बाराच्या घरात गेला. सौदीकडे पैशांचा पूर आला. जुलै १९७४ मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री विल्यम सायमन सौदीतल्या जेद्दाहला गेले. हा माणूस मंत्री होण्याआधी वॉल स्ट्रीटवर सरकारी रोख्यांचे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाच्या कागदांचे, सौदे करायचा. त्याला पक्कं ठाऊक होतं की एवढा पैसा हातात आलेल्याला सगळ्यात मोठी चिंता असते ती तो सुरक्षित ठेवायचा कुठे याची. अमेरिका तेल घेईल, शस्त्रं देईल. सौदीने तेलाचा पैसा अमेरिकन रोख्यांत गुंतवावा, असा व्यवहार ठरला. बोभाटा होऊ नये ही सौदीचे राजे फैसल यांची अट होती. ती अमेरिकेने इतकी पाळली की सौदीकडे किती रोखे आहेत हा आकडा चार दशकं ‘तेल निर्यातदार देश’ अशा गटात दडवून ठेवला. तो स्वतंत्रपणे जाहीर झाला मे २०१६ मध्ये: ११६.८ अब्ज डॉलर. तेल कशात विकायचं याची सक्ती अमेरिकेला करावीच लागली नाही. विकून आलेला पैसा आपल्याच दारात परत येईल, एवढी सोय तिने केली.

‘आता सौदी मोकळा झाला’ हा दुसरा मुद्दा. तो बांधलेला होता कधी? सौदीचे अर्थमंत्री मोहम्मद अल-जदान जानेवारी २०२३ मध्येच दावोसला म्हणाले होते की इतर चलनांत व्यापार करण्याच्या चर्चेला आमची तयारी आहे. तेव्हा ती ‘मुदत’ संपायला दीड वर्ष बाकी होतं.

सौदीने डॉलरची साथ सोडली का, हे बघायला माझ्या भावाच्या हातातली पावती पुरे आहे. मागच्या महिन्यात त्याने घरी २,००० रियाल पाठवले. रियाल १९८६ पासून एका डॉलरला ३.७५ या दराला बांधलेला आहे, म्हणजे त्याने खरं तर ५३३ डॉलर पाठवले. रुपये किती मिळणार हे डॉलरच्या भावावर ठरलं. डॉलरकडे पाठ फिरवायची असेल तर रियाधला आधी ही गाठ सोडावी लागेल. जून २०२४ उलटून गेला, गाठ जागची हलली नाही.

तेलामुळेच डॉलर टिकून आहे, हेही गणितात बसत नाही. जगात रोज साधारण दहा कोटी पिंपं तेल लागतं. ८० डॉलरने धरलं तर ८ अब्ज डॉलर झाले. चलनबाजाराची २०२२ ची रोजची उलाढाल होती साडेसात हजार अब्ज डॉलर, आणि त्यातल्या ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता.

रुपयाचं म्हणाल तर उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळालं होतं. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये रुपयात परदेशी व्यापाराची वाट मोकळी केली. मे २०२३ मध्ये गोव्यात आलेले रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचलेत आणि ते वापरता येत नाहीत. आपण रशियाकडून भरमसाट घेतो आणि त्याला विकतो थोडं. मग तो त्या रुपयांचं करणार काय?

‘पण सोनं तर वाढलं ना?’ असं ग्रुपवर कुणीतरी विचारणारच. वाढलं, आणि डॉलरवरचा भरवसाही थोडा उतरलाय. जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी साठवलेल्या परकीय चलनात, म्हणजे गंगाजळीत, त्याचा वाटा १९९९ मध्ये ७० टक्क्यांच्या वर होता, तो आता साठच्या खाली आला आहे. पण त्याचं कारण वॉशिंग्टनमध्ये शोधा. २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी गोठवली, आणि तशी वेळ आपल्यावर येऊ नये म्हणून मध्यवर्ती बँकांनी सोन्याची खरेदी वाढवली. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जगभर आयातशुल्क लावलं, तेव्हा लोकांनी अमेरिकन रोखेच विकायला काढले. बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क आठवड्याभरात ९० दिवसांसाठी थांबवावं लागलं. ज्या रोख्यांवर विश्वास बसावा म्हणून सायमन जेद्दाहला गेले होते, तेच हे रोखे.

भावाला मी लिहिलं: घरी लागतील तेवढे नेहमीसारखे पाठव, बाकीच्यांची घाई करू नकोस. आणि काही बघायचंच असेल तर पावतीवरचा ३.७५ बघत जा.