नोटेवर देव नको, असं मी देव मानते म्हणूनच म्हणते

आधीच सांगते, मी नास्तिक नाही. घरात देवघर आहे, संध्याकाळी दिवा लागतो, चतुर्थीचा उपास असतो. तरीही देशाच्या चलनावर देवाचं नाव किंवा देवाचं चित्र असू नये, असं माझं ठाम मत आहे.

विषय निघाला तो न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या बैठकीत. एका काकांनी खिशातून एक डॉलरची नोट काढून सगळ्यांना दाखवली. "बघा, एवढा पुढारलेला देश, पण नोटेवर देवाचं नाव छापायला लाजत नाही. आणि आपल्याकडे लक्ष्मी-गणपतीचा विषय काढला की लगेच सगळ्यांना सेक्युलॅरिझम आठवतो!" टाळ्या पडल्या. काका मोठे आहेत, मंडळासाठी त्यांनी खूप केलंय, म्हणून तिथे वाद घातला नाही. पण त्या नोटेचा इतिहास त्यांनी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनी वाचावा असं मनापासून वाटतं.

१८६१ चा नोव्हेंबर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. पेनसिल्व्हेनियातल्या मार्क वॉटकिन्सन नावाच्या पाद्रीबाबांनी अर्थमंत्री सॅमन चेस यांना पत्र लिहिलं. त्यांची चिंता अशी, की उद्या हे राष्ट्र मोडून पडलं तर पुढच्या शतकांतले संशोधक आपली नाणी बघून म्हणतील, हे लोक तर मूर्तिपूजक होते! तेव्हाच्या नाण्यांवर स्वातंत्र्यदेवता असायची. तिच्या जागी दुसरी रचना करा, सर्वशक्तिमान ईश्वराचा उल्लेख करा, म्हणजे हा कलंक पुसला जाईल, असं त्यांचं म्हणणं. चेस यांनी आठवड्याभरात टांकसाळीच्या संचालकांना बोधवाक्य तयार करायला सांगितलं आणि १८६४ च्या दोन सेंटच्या नाण्यावर 'इन गॉड वी ट्रस्ट', म्हणजे 'देवावर आमचा विश्वास', पहिल्यांदा उमटलं.

काका, तुम्ही ज्या वाक्याचा दाखला देता ते नाण्यावर आलं तेच मुळी आम्ही मूर्तिपूजक नाही हे जगाला दाखवायला. म्हणजे मूर्तीपुढे आरती म्हणणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पंक्तीत आम्हाला बसवू नका, हे सांगायला. त्याचा अभिमान आपण कसा बाळगायचा?

कागदी नोटेवर तर ते त्याहून उशिरा आलं. १९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी हे वाक्य सगळ्या चलनावर घालण्याच्या कायद्यावर सही केली, १९५६ साली ते राष्ट्राचं बोधवाक्य झालं, १९५७ साली एक डॉलरच्या नोटेवर छापलं गेलं. शीतयुद्धाचे दिवस होते, देव न मानणाऱ्या सोव्हिएत रशियापेक्षा आपण वेगळे आहोत हे ठसवायचं होतं. देशाच्या संस्थापकांनी १७९२ च्या नाणे कायद्यात नाण्यावर 'लिबर्टी' हा शब्द घालायला सांगितलं होतं, देवाचं नाव नव्हे.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. १९०७ साली सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराकडून त्याने सोन्याची नवी नाणी घडवून घेतली आणि त्यांवर हे बोधवाक्य घातलंच नाही. गदारोळ झाला. तेव्हा त्याने एका पत्रात स्पष्ट लिहिलं, की असं वाक्य नाण्यावर घालण्याने भलं तर काही होत नाहीच, उलट नुकसान होतं; ही अनादराची गोष्ट आहे आणि ती देवाच्या विटंबनेच्या फार जवळ जाते. हे वाक्य न्यायमंदिरात, विधिमंडळात, राष्ट्रीय स्मारकांवर जरूर कोरा, पण नाण्यांवर, टपालाच्या तिकिटांवर, जाहिरातींत घालून त्याला स्वस्त करू नका. लोक या वाक्यावरून विनोद करतात, व्यंगचित्रं काढतात, याचं त्याला वाईट वाटत होतं. आजही इथल्या दुकानांत पाटी दिसते, 'देवावर विश्वास, बाकीच्यांनी रोख द्यावे'. आपली 'आज रोख उद्या उधार' म्हणा ना! फक्त आपल्या पाटीत देवाला ओढलेलं नसतं. पण अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९०८ साली कायदा करून ते वाक्य परत आणलं. रूझवेल्ट हरला, पण त्याचं म्हणणं मला शब्दन् शब्द पटतं.

आता कोर्टाचं बघा. हे वाक्य काढा म्हणून इथे अनेकदा खटले झाले आणि दर वेळी वाक्य टिकलं. पण कशाच्या बळावर? १९७० साली नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितलं, की याचं स्वरूप देशभक्तीपर, औपचारिक आहे; सरकारने एखादा धर्म प्रस्थापित करण्याशी याचा काही संबंध नाही. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी एका वेगळ्याच खटल्यातल्या आपल्या विरोधी निकालपत्रात लिहिलं, की अशी वाक्यं घटनेच्या कसोटीतून सुटतात ती मुख्यतः यामुळे, की घोकून घोकून त्यांच्यातला धार्मिक अर्थ उरलेलाच नाही. म्हणजे देवाचं नाव नोटेवर राहू शकतं, पण आता त्याला काही अर्थ नाही हे मान्य केलं तरच. ज्याच्या मनात खरी श्रद्धा आहे त्याने या निकालावर खूश व्हावं की दुःखी? मला तर वाईट वाटतं.

मंडळाची खजिनदार म्हणून आरतीनंतर तबकातले पैसे मोजायचं काम माझ्याकडे असतं. बहुतेक एक-एक डॉलरच्या नोटा. काही कुंकवाने लाल झालेल्या, काहींना निरांजनातलं तूप लागलेलं. मोठ्या 'वन'च्या डोक्यावर ते वाक्य प्रत्येक नोटेवर. आम्ही तिघी-चौघी बसून भराभर गड्ड्या लावतो, रबर चढवतो, सोमवारी बँकेत भरतो. ते वाक्य कुणी वाचत नाही, वाचून कुणाचे हात जुळत नाहीत. आणि दहा पावलांवर मूर्तीसमोर त्याच बायकांचे डोळे भरून आलेले मी पाहिलेत.

भारतात ही मागणी ऑक्टोबर २०२२ मध्ये जोरात आली. दिल्लीचे तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी गांधीजींच्या जोडीला नोटेवर लक्ष्मी-गणपती असावेत असं म्हटलं, इंडोनेशियाच्या वीस हजार रुपियाच्या नोटेवरच्या गणपतीचा दाखला दिला. ती नोट १९९८ ची, केव्हाच चलनातून गेलेली. पण ते सोडा. आपल्याकडे नोटेचं काय होतं ते आठवा. बोटाला थुंकी लावून नोटा मोजतात. लाच म्हणून टेबलाखालून सरकवतात, बारमध्ये उधळतात. आणि पार जीर्ण झाल्या की रिझर्व्ह बँक त्यांचा यंत्रात भुगा करून विटा दाबते. गणपतीचं चित्र असलेली जुनी लग्नपत्रिका आपल्याला केराच्या डब्यात टाकवत नाही, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहते. तोच गणपती त्या यंत्रात घालायचा?

२०१२ साली वैष्णोदेवी श्राइन बोर्डाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त देवीची प्रतिमा असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी निघाली. त्यातलं पाचाचं एक आईच्या हाती भाजीवाल्याकडून सुट्ट्यात आलं. तिने ते धुतलं, पुसलं आणि देवघरात ठेवलं. आजही तिथेच आहे. तिने केलं ते योग्यच केलं, पण ते नाणं काही आता चलन राहिलं नाही.

इतिहासाचं म्हणाल तर शिवरायांचं बघा. भवानीमातेचा एवढा भक्त राजा, पण शिवराईच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढंच. होळकरांच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान होतं, हेही खरं. पण ती एका घराण्याची टांकसाळ, त्या घराण्याची भक्ती. आजचा रुपया कुणा एका घराण्याचा नाही. आणि औरंगजेबाचं नाव इथे घेतलेलं अनेकांना रुचणार नाही, पण राज्यावर आल्यावर त्याने नाण्यांवरचा कलमा बंद केला, कारण नाणं कुणाच्याही हातापायाला लागतं आणि पवित्र शब्द विटाळतात. एवढ्या कट्टर माणसालाही जे कळलं ते आपल्याला कळू नये?

विटंबनेपेक्षाही मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे ती नागपूरची. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये गौरी-गणपतीला देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. महाराष्ट्रातली किती घरं पिढ्यान्पिढ्या ती पाळत आली आहेत! माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं घर त्यातलंच. गणपतीत ती माझ्याकडे आली की आईच्या हातचे मोदक आवडीने खायची, पण आरतीला उभी राहायची नाही, आणि आमच्या घरात कुणी तिला कधी आग्रह केला नाही. उद्या तिच्या पगाराच्या प्रत्येक नोटेवर गणपती छापला तर सरकार तिला रोज आग्रह करणार. देवघरात यायचं की नाही हे तिला ठरवता येतं. खिशात नोट ठेवायची की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. मुसलमान, ख्रिश्चन, देव न मानणारे, सगळ्यांचं हेच.

'सत्यमेव जयते' उपनिषदातलंच की, असं कुणीतरी विचारेलच. हो, मुंडक उपनिषदातलं. पण ते वाक्य माझ्या मैत्रिणीलाही जसंच्या तसं मान्य आहे, त्यासाठी तिला कुठल्या देवापुढे मान तुकवावी लागत नाही.

अमेरिकेत आता काही बदलेल असं वाटत नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय ऐकायलाही नकार दिला. भारतात मात्र अजून काही ठरलेलं नाही. आणि आपल्याकडे नोटेचं रूप बदलायला संसदेत नवा कायदा करावा लागत नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ प्रमाणे बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस करायची आणि केंद्र सरकारने मंजुरी द्यायची, की झालं. चर्चा व्हायच्या आत निर्णय होऊ शकतो. म्हणून प्रस्ताव यायची वाट न बघता आत्ताच लिहिते आहे. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे, आणि असा प्रस्ताव आला तर त्याविरुद्धच्या पत्रावर माझी सही असेल. काका, तुमचीही असावी, अशी विनंती आहे.