‘आत प्रोसेसर आहे, म्हणून 8471’: नोटा मोजण्याच्या मशीनविषयीचा सल्ला आणि प्रत्यक्ष टॅरिफ

आयातदारांमध्ये एक संदेश फिरतो आहे. नोटा मोजायचे मशीन, सॉर्टर, कॅश रिसायकलर (जमा झालेल्या नोटाच पुन्हा देणारे मशीन), एटीएम या सगळ्यांत प्रोसेसर असतो, म्हणून बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या घोषणापत्रात) 8471, म्हणजे टॅरिफमधले संगणकाचे शीर्ष, टाका आणि मूळ सीमाशुल्क शून्य करा. न्यायालयानेही एटीएमला संगणक म्हटले आहे. पुरवठादाराच्या इनव्हॉइसवरचा कोड तसाच उतरवा. सुटे भाग 8473 30 मध्ये दाखवा. आणि माल गोदीबाहेर पडला की विषय संपला. यातला एकही सल्ला किंवा युक्तिवाद टिकत नाही.

प्रोसेसरपासून सुरुवात करू. 8471 मध्ये काय बसते हे प्रकरण 84 ची टीप 6 सांगते (2022 च्या फेररचनेआधी हीच टीप 5 होती). यंत्राने प्रोग्रॅम आणि विदा साठवला पाहिजे, वापरणाऱ्याला ते हवे तसे प्रोग्रॅम करता आले पाहिजे, त्याने सांगितलेली आकडेमोड करता आली पाहिजे आणि माणसाच्या मदतीविना तार्किक निर्णय घेत प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे. चारही अटी एकत्र. काउंटिंग मशीनमध्ये बॅचचा आकडा 100 वर ठेवता येतो, यूव्ही-एमजी-आयआर (अतिनील, चुंबकीय, अवरक्त) तपासणी चालू-बंद करता येते, नवीन नोट आली की फर्मवेअर बदलता येते. याला कोणी मुक्त प्रोग्रॅमिंग म्हणणार असेल तर वॉशिंग मशीनही संगणकच ठरेल. एटीएमच्या पोटात मात्र खरोखरच पीसी असतो, तिथे हा युक्तिवाद जरा वजनदार वाटतो. पण त्याच टिपेचा (ई) भाग नेमका त्यासाठीच आहे: संगणक आत असला किंवा संगणकाला जोडून चालणारे यंत्र असले, तरी विदाप्रक्रियेखेरीज विशिष्ट काम करणारे यंत्र त्या कामाच्या शीर्षाखाली जाते.

ते शीर्ष 8472. ‘ऑटोमॅटिक बँकनोट डिस्पेन्सर’ आणि नाणी वेगळी करणारी, मोजणारी, गुंडाळणारी यंत्रे यांची नावेच शीर्षाच्या मजकुरात आहेत. एटीएमचा उल्लेख एचएसच्या (जगभर वापरल्या जाणाऱ्या वर्गीकरण-पद्धतीच्या) स्पष्टीकरणात्मक टिपांत आहे. भारतीय टॅरिफमध्ये डिस्पेन्सर 8472 90 30, नाण्यांची यंत्रे 8472 90 40. नोटा नुसत्या मोजणारे टेबलावरचे मशीन मात्र डिस्पेन्सर नव्हे. ते खात्यातून पैसे देत नाही, हॉपरमधला (नोटा ठेवायच्या खाच्यातला) गठ्ठा स्टॅकरमध्ये (मोजलेल्या नोटा रचल्या जातात त्या खाच्यात) टाकते. त्याची जागा 8472 90 99. मोठी नोट घेऊन सुटे देणारे यंत्र 8476 मध्ये जाते. नोट खरी की खोटी एवढेच ऑप्टिकल सेन्सरने ठरवणारे, न मोजणारे उपकरण असेल तर 9031 49 चा विचार करावा लागतो. मोजणी आणि तपासणी दोन्ही असतील तर विभाग 16 ची टीप 3 लागते, मुख्य काम कोणते ते पाहायचे. मिनिटाला हजार नोटा मोजताना वाटेत खोटी नोट थांबवणाऱ्या मशीनचे मुख्य काम मोजणीच. रिझर्व्ह बँकेचे सॉर्टिंगचे निकष किंवा भारतीय मानक ब्युरोचे मानक मशीन कसे चालावे ते सांगतात. टॅरिफमधली जागा त्यावरून ठरत नाही.

आता न्यायालय. आयकरात घसाऱ्याचा दर ठरवताना एटीएमला संगणक मानणारे निर्णय आहेत, हे खरे. पण तो प्रश्न आयकर नियमांतल्या घसाऱ्याच्या तक्त्याचा होता, सीमाशुल्क टॅरिफचा नव्हता. विक्रीकराच्या बाबतीत कर्नाटक उच्च न्यायालयाने डायबोल्ड सिस्टिम्स प्रकरणात 2005 साली उलट निष्कर्ष काढला. सूट मागणाऱ्यानेच ती सिद्ध करायची आणि सूट-अधिसूचनेतली संदिग्धता सरकारच्या बाजूने वाचायची, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2018 मध्ये दिलीप कुमार प्रकरणात सांगितले. तो वाद मुंबईच्याच सीमाशुल्क आयुक्तांचा होता.

पुरवठादाराचा कोड उतरवणे तर सर्वांत धोक्याचे. जगभर समान असतात ते पहिले सहा अंक. पुढचे प्रत्येक देशाचे स्वतःचे. चीनच्या टॅरिफमध्ये 8472 90 10 म्हणजे एटीएम, आपल्याकडे तोच आकडा स्टेपलरचा. तिकडे 8472 90 30 म्हणजे कागद फाडायचे श्रेडर, इकडे बँकनोट डिस्पेन्सर. माल एटीएम पण जाहीर स्टेपलर म्हणून, अशी गंमत यातून होते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 17 खाली स्वयंमूल्यांकन आयातदाराचे आहे. इनव्हॉइस दाखवून सुटका नाही.

सुट्या भागांत चुका जास्त होतात, कारण 8473 30 हे 8471 च्या यंत्रांच्या भागांचे उपशीर्ष आहे. 8472 च्या भागांसाठी 8473 40, आणि तिथेही सगळे जात नाही. विभाग 16 ची टीप 2(अ) म्हणते की जो भाग स्वतःच प्रकरण 84 किंवा 85 मधील एखाद्या शीर्षाचा माल आहे तो आपल्याच शीर्षात राहतो. मोटर 8501 मध्ये, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचे युनिट) 8504 मध्ये, बेअरिंग 8482 मध्ये, एटीएमचा पावती प्रिंटर 8443 मध्ये, वेगळा आणलेला पीसी-कोर 8471 मध्ये. कॅसेट, डिस्पेन्सर मॉड्यूल, स्टॅकरचा पंखा (नोटा रचणारे पात्यांचे चाक) हे खास त्याच यंत्राचे, म्हणून 8473 40. रबराची गोष्ट आणखी निराळी. विभाग 16 ची टीप 1(अ) व्हल्कनाइज्ड रबराचे पट्टे 4010 कडे आणि यंत्रांत वापरायच्या मऊ रबरी वस्तू 4016 कडे ढकलते. फीड रोलरवर चढवायची नुसती रबरी रिंग मागवली तर ती विभाग 16 मध्ये येतच नाही. ती धातूच्या गाभ्यावर बसवलेल्या पूर्ण रोलरसह आली, तर चित्र बदलते. म्हणून पॅकिंग लिस्टमध्ये ‘मशीन स्पेअर्स’ असे मोघम न लिहिता प्रत्येक वस्तूची ओळ वेगळी ठेवा.

फरक किती? 10 लाखांच्या मालावर मूळ शुल्क 7.5 टक्के धरले तर 75,000, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 7,500. आयजीएसटी (आयातीवरचा एकात्मिक जीएसटी) 18 टक्के धरला तर 10,82,500 वर 1,94,850 होतो, शून्य शुल्कावर तो 1,80,000 असता. एकूण फरक 97,350. (दर आयातीच्या तारखेचाच बघा.) यातला आयजीएसटी व्यापारी क्रेडिटमधून वळता करतो, निम्मेच क्रेडिट घेण्याचा पर्याय निवडलेल्या बँकेला अर्धा पडतो.

‘माल सुटला की संपले’ हेही खोटे. कलम 28 खाली साधी नोटीस 2 वर्षांत येते, जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचा किंवा दडवल्याचा आरोप असेल तर 5 वर्षांत. व्याज 15 टक्के, आणि अशा प्रकरणात कलम 114अ खाली शुल्काइतकाच दंड. शिवाय 2023 पासून 8471 मधले लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन, अतिलहान संगणक आणि सर्व्हर आयात-निर्बंधाखाली आहेत. 8471 चा आग्रह धरून तुम्ही मशीनवर आयात-परवान्याचा प्रश्न ओढवून घेता.

खरोखर शंका असेल तर मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये वर्गीकरणाचा निर्णय आधीच देणारे अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. माल निघण्याआधी अर्ज करा. माल येऊन पडला असेल तर कलम 18 खाली तात्पुरते मूल्यांकन मागता येते. दोन्हीकडे उपयोगी पडणारे कागद तेच: उत्पादकाचे तांत्रिक पत्रक, नोटेचा हॉपरपासून स्टॅकरपर्यंतचा मार्ग दाखवणारी आकृती, प्रत्येक सेन्सरचे काम आणि वापरकर्त्याला काय काय बदलता येते याची यादी. ‘इंटेलिजंट कॅश कॉम्प्युटर’ अशी जाहिरातबाजी करणारे माहितीपत्रक त्या फाइलमध्ये लावू नका.