आवाज चांगला आहे म्हणून रेडिओत जाऊ नका

एखाद्या पोराने गॅदरिंगमध्ये जरा बरं निवेदन केलं की नातेवाईक लगेच सुरू होतात, "काय आवाज आहे रे! रेडिओत जा." माझं मत बरोब्बर उलटं आहे. आवाज ही या धंद्यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट.

रेडिओवरचे गाजलेले निवेदक अमीन सयानी यांचंच घ्या. आकाशवाणीच्या हिंदी निवेदकाच्या चाचणीत त्यांना नापास केलं होतं. कारण काय, तर उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप! मग थोरले भाऊ हमीद यांच्यामुळे ते रेडिओ सिलोनच्या (श्रीलंकेतल्या कोलंबोच्या रेडिओ केंद्राच्या) कार्यक्रमांचं मुंबईत रेकॉर्डिंग चाले तिथे जाऊ लागले. १९५२ च्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' हा फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. मानधन आठवड्याला २५ रुपये, आणि तेवढ्यात लिहायचं, बोलायचं, कार्यक्रम बांधायचा, वर आलेली पत्रंही तपासायची. जुनीजाणती मंडळी एवढ्याशा पैशांत तयार होईनात, म्हणून ते लोढणं या पोराच्या गळ्यात पडलं. पहिल्याच कार्यक्रमाला हजारो पत्रं आली! मुंबईत भरलेली टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता घरोघरी सिलोन लागायचं.

(यातलं निम्मं श्रेय बाळकृष्ण केसकर या तेव्हाच्या आपल्या मराठी माहिती व नभोवाणी मंत्र्यांचं. आकाशवाणीवर त्यांनी फिल्मी गाण्यांची अशी कोंडी केली की श्रोते सिलोनकडे पळाले. शेवटी १९५७ मध्ये सरकारला फिल्मी गाण्यांसाठी आकाशवाणीची विविध भारती काढावी लागली.)

रेकॉर्डची विक्री बघायची, श्रोता संघांचा कौल घ्यायचा, त्यावरून गाण्यांच्या पायऱ्या, म्हणजे क्रमवारी, लावायच्या, ही सगळी उस्तवार सयानींची. म्हणून १९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली तेव्हा स्टेशन बदललं, माणूस तोच राहिला.

आणि आजचा एफएमवरचा आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी? गाणी आधीच संगणकावर लावून ठेवलेली असतात, बहुतेक ठिकाणी ती निवडणारा माणूसही वेगळा. आरजेच्या वाट्याला दोन गाण्यांमधली लिंक, म्हणजे मधलं बोलणं. समोर स्क्रीनवर सेकंद उलटे पळतायत, गायकाने तोंड उघडायच्या आत वाक्य संपलं पाहिजे, आणि त्यात प्रायोजकाचं नावही बसवायचंय. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही, फार तर ट्रॅफिक आणि हवामान सांगा. मग उरतं काय? सणांच्या शुभेच्छा, फोनवरून कुणाची तरी फिरकी, नवीन सिनेमातल्या नटाची मुलाखत. आरजे बदलला तरी रिक्षावाल्याच्या लक्षातही येत नाही. पोरांना नावं ठेवत नाहीये मी. कामच तेवढं कापून हातात दिलंय.

त्यातूनही कुणी निघतं. २०१७ मध्ये मुंबईची आरजे मलिष्का हिने मुंबईच्या खड्ड्यांवर विडंबन केलं, तर सत्ताधारी नगरसेवक ५०० कोटींच्या दाव्याची भाषा करू लागले! तिच्या आवाजाबद्दल तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही. अख्ख्या शहराचं दुखणं तिने मोठ्याने सांगितलं होतं.

त्यामुळे ज्यांना जायचंच आहे त्यांनी इंटरव्ह्यूत पगाराआधी विचारावं, "गाणी कोण निवडणार? स्क्रिप्ट कोण लिहिणार? श्रोत्यांचे मेसेज माझ्यापर्यंत येणार का?" तिन्हींची उत्तरं "ते आमची टीम बघते" अशी आली, तर तिथे फार काळ रमू नका. त्यापेक्षा मोबाइलवर स्वतःचा पॉडकास्ट करा, सुरुवातीला पन्नासच माणसं ऐकतील, ऐकू देत. इथे कुणी आरजे असतील तर सांगा, तुमच्याकडे खरंच असंच चालतं का?